पुढचा भाग कुणासाठी?

३ जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘टाइमपास’चा शेवट मला आजही पटतो. दगडू परब आणि प्राजक्ता लेले यांची ताटातूट होते आणि चित्रपट तिथेच थांबतो. चाळीत वाढलेला, दहावीत अडकलेला मुलगा आणि शिस्तीच्या घरातली, गाणं शिकणारी मुलगी. तिचे वडील माधवराव लेले या दोघांच्या आड येतात, पण वैभव मांगले यांनी तो बाप असा उभा केला आहे की त्याच्यामागे आपल्या शहरांतली एक सबंध भिंत दिसते: आडनावाची, उच्चारांची, मार्कांची, कुठल्या खोलीत राहता त्याची. पंधरा-सोळा वर्षांची दोन मुलं ती भिंत पाडू शकत नाहीत. दिग्दर्शक रवी जाधव यांनी हे सत्य गाणी आणि टाळीच्या संवादांच्या आड लपवलं नाही, म्हणून तो चित्रपट लोकांच्या जिवाला लागला. प्रेक्षक हसत आत गेले आणि गप्प होऊन बाहेर आले.

सव्वा वर्षाने, १ मे २०१५ला, ‘टाइमपास २’ आला आणि त्याने ती ताटातूट परत घेतली. दरम्यान दगडू मोठा झाला आहे, पैसेवाला झाला आहे. प्रथमेश परबच्या जागी प्रियदर्शन जाधव, केतकी माटेगावकरच्या जागी प्रिया बापट. शोध कोकणात जातो, प्राजक्ता सापडते, थोडे गैरसमज, थोडी गाणी, आणि शेवटी दोघांचं जमतं. तिकीटबारीवर हाही भाग जोरात चालला. माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या चित्रपटाने जे सोसायला लावलं होतं, ते दुसऱ्याने फुकट घालवलं. भिंत होती तिथेच आहे, फक्त दगडूच्या खिशात पैसे आले म्हणून ती दिसेनाशी झाली. माधव लेलेंच्या घरात दगडूला जागा मिळते ती तो श्रीमंत झाल्यावर, हे पाहताना मला वाईट वाटलं, कारण पहिल्या भागातला दगडू जसा होता तसाच त्या घरात जायला लायक होता.

हा एका चित्रपटावरचा राग म्हणून सोडून देता आला असता. पण गेल्या दहा-बारा वर्षांत मराठीत नावापुढे आकडा लावलेले चित्रपट इतके आले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी इतकी निराशा केली आहे, की प्रश्न नीट मांडायला हवा. त्याच माणसांकडे परत जाणं ही मुळात वाईट गोष्ट आहे का? मराठी कादंबरीने हे अनेकदा केलं आहे आणि फार चांगलं केलं आहे. मग पडद्यावर काय बिघडतं?

‘टाइमपास’च्या अगदी शेजारी ठेवावी अशी कादंबरी म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. ती २००४ साली आली. आणीबाणीच्या दिवसांतलं निमशहरी गाव, नववीतला मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या ही टोळी, आणि शिरोडकर. सुजय डहाके यांनी केलेला तिचा चित्रपट २०१२च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात शिरोडकर झालेली केतकी माटेगावकरच दोन वर्षांनी ‘टाइमपास’ची प्राजक्ता झाली. म्हणजे एकाच मुलीने दोन वेळा, दोन वेगळ्या प्रेक्षकांसमोर, किशोरवयातलं न साधलेलं प्रेम उभं केलं.

‘शाळा’ ही माझी फार आवडती कादंबरी आहे आणि त्याचं पहिलं कारण तिची भाषा. मुकुंद जे सांगतो ते नववीतल्या मुलाला जेवढं कळतं तेवढंच. आणीबाणी त्याच्या कानावर पडते, घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून, शाळेतल्या कुजबुजीतून. लेखक मागे उभा राहून अर्थ समजावत नाही. दुसरं कारण म्हणजे ती कुठे थांबते. नववीचं वर्ष संपतं, शिरोडकर गाव सोडून जाते, टोळी विस्कटते. मुकुंद पुढे दहावीला बसेल, कॉलेजात जाईल, कदाचित शहरात कुठेतरी शिरोडकर त्याला भेटेलही. हे सगळं वाचक आपापल्या मनात लिहितो. पुस्तक मिटल्यावर ‘पुढे काय झालं असेल हो?’ असं विचारणारे कितीतरी वाचक मला भेटले आहेत. बोकीलांनी त्या प्रश्नाला दुसरं पुस्तक लिहून उत्तर दिलं नाही, ते फार बरं झालं. तो प्रश्न वाचकाजवळ राहतो तोवर कादंबरी जिवंत राहते.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’बद्दल तर पुढच्या भागाची कल्पनाच करवत नाही. १९३९ साली, महायुद्ध दाराशी असताना, प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी. युरोपातून पूर्वेकडे येणारी बोट, तिच्यावर चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून हाकललेली ज्यू तरुणी हॅर्टा. मुंबई आल्यावर तो उतरतो, ती पुढे जाते. नंतर जे होतं ते वाचलेल्याला सांगायला नको आणि न वाचलेल्याला मी सांगणार नाही. बेडेकरांनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. मराठीत युरोपच्या त्या काळाविषयी इतकं जवळून, आणि प्रेम व देश या दोन्ही गोष्टींविषयी इतक्या निर्दयपणे लिहिलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. कॉलेजातल्या प्रत्येक मुलामुलीने ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता परत जाणाऱ्यांकडे वळू. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ची. खानदेशातल्या सांगवीतून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं वसतिगृह, मेस, उधाऱ्या, नापास होणं, आणि मधोमध बहिणीचा, मनीचा मृत्यू. मनीच्या मृत्यूची ती पानं मी ज्या ज्या वयात वाचली त्या त्या वयात वेगळी लागली. ‘कोसला’ गाजल्यावर नेमाड्यांना पांडुरंगला पुढे नेणं सहज शक्य होतं. वाचक तयार होता, नाव तयार होतं. त्यांनी दशकभर थांबून दुसराच माणूस आणला: चांगदेव पाटील. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या सत्तरच्या दशकातल्या चार कादंबऱ्यांत तो मुंबईच्या साहित्यिक वर्तुळातून निघून एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात मास्तरकी करत फिरतो. पांडुरंगचा तिरकस डोळा चांगदेवकडे आहे, पण पांडुरंगचं वय नाही. विशीतल्या मुलाला जग मूर्ख वाटतं. तिशीतल्या मास्तराला त्याच जगात नोकरी टिकवायची असते, संस्थाचालकांचं राजकारण पाहायचं असतं, जातीच्या गटांत आपण कुठे बसतो ते शोधायचं असतं. चार कादंबऱ्यांचा वाचक चांगदेवबरोबर थकत जातो, आणि हा थकवा हीच त्या मालिकेची कमाई आहे. ‘हूल’ मधून वाचायला घेतली तरी समजते, पण ‘बिढार’ वाचून आलेल्याला ती अधिक जड वाटते. चारही सारख्या ताकदीच्या नाहीत हे मान्य. ‘बिढार’ मला सर्वांत आवडते, ‘झूल’मध्ये काही जागी पसारा वाढतो. तरीही परत भेटण्याचा अर्थ काय असतो ते मराठीत मला इथे कळलं: माणूस बदललेला असला पाहिजे, आणि त्याला लिहिणाराही.

श्री. ना. पेंडसे यांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. ‘गारंबीचा बापू’ १९५२ची. गावाला न जुमानता राधेला आपली म्हणणारा बापू कोकणाच्या बाहेरही घराघरांत पोचला. डॉ. काशिनाथ घाणेकरांनी तो पडद्यावर साकारला. अनेक वर्षांनी पेंडसे त्या गावात परत गेले आणि ‘गारंबीची राधा’ लिहिली. नावापासूनच त्यांनी मध्यबिंदू हलवला. बापूच्या पराक्रमात जी बाजूला उभी होती तिला पुढे आणलं. परत जायचं तर असं जावं. पण पेंडशांचं सर्वांत मोठं काम मला ‘तुंबाडचे खोत’ वाटतं. १९८७ साली दोन खंडांत, हजाराहून अधिक पानांत आलेली ही कादंबरी जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट सांगते. एखाद्या निर्मात्याच्या हातात हा ऐवज पडला असता तर त्याचे पाच भाग झाले असते. पेंडशांनी सगळ्या पिढ्या एकाच पुस्तकात कोंडल्या, त्यामुळे आजोबांचं पाप नातवाच्या पानावर उमटलेलं दिसतं. सत्ता, जमीन, धर्म, वासना, आणि मधूनच उगवणारा एखादा निर्मळ माणूस. सुरुवातीची काही पानं नाती लक्षात ठेवायला जड जातात, तिथे सोडू नका. पहिल्या खंडाच्या मध्यावर आलात की पुस्तक तुम्हाला सोडत नाही.

अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचं जे झालं ते या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, दोन्ही मुंबईतल्या सत्तेच्या. साधू पत्रकार होते, त्यामुळे मंत्रालयाचे जिने, कामगार पुढाऱ्यांची गणितं, तस्करांचे हात आणि वृत्तपत्राची कचेरी हे सगळं त्यांनी आतून पाहिलेलं होतं. १९७९ साली जब्बार पटेलांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून ‘सिंहासन’ हा चित्रपट केला तेव्हा या दोन कादंबऱ्या एकत्र केल्या. निळू फुलेंचा पत्रकार दिगू टिपणीस, अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री, डॉ. श्रीराम लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. दोन पुस्तकांचा अर्क एका चित्रपटात उतरला, म्हणून त्यातलं एकही दृश्य सैल नाही. आजचा हिशेब उलटा आहे. एका चित्रपटाला पुरेल इतकीच गोष्ट असते आणि तिच्यावर दोन-तीन चित्रपट उभे करायचे असतात. पातळ झालेल्या आमटीत पुन्हा पाणी ओतल्यावर चव कुठून राहणार?

पडद्यावरही अपवाद आहेत आणि ते पाहिले की चूक कुठे होते ते कळतं. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१०चा. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, पुण्याचे रस्ते, एक दिवस. दोन अनोळखी माणसं बोलत राहतात. २०१५च्या दुसऱ्या भागाने त्यांना घरच्या माणसांत नेलं, लग्नाच्या तोंडाशी आणलं, आणि त्या मुलीला निर्णयाची भीती वाटू दिली. पहिल्याची मोकळी हवा त्यात नाही, पाहुणे फार झाले आहेत, पण भीती खरी आहे. रस्त्यावर आवडलेला माणूस घरात आवडेल का, हा पहिल्या चित्रपटाने न विचारलेला प्रश्न दुसऱ्याने विचारला. २०१८चा तिसरा मला साधारण वाटला. हिंदीत राजकुमार हिरानींचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) हे सर्वांत धीट उदाहरण. मुन्ना आणि सर्किट तेवढे ठेवले. हॉस्पिटल, आधीची नायिका, आधीचा पेच, सगळं टाकून दिलं आणि गांधीजींना आणलं. पहिल्यातला एकही विनोद परत विकण्याची गरज त्यांना पडली नाही.

याच्या उलट टोकाला ‘दे धक्का २’ (२०२२). २००८च्या ‘दे धक्का’मध्ये लेकीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी खटारा गाडी ढकलत निघालेलं कुटुंब आपल्या ओळखीचं होतं. त्याचा मूळ साचा ‘लिटल मिस सनशाइन’ या अमेरिकन चित्रपटाचा, तरी तो मातीत नीट रुजवला होता. त्याच कुटुंबाला लंडनला नेल्यावर गरिबी गेली, निकड गेली, आणि धक्का मारायचं कारणच उरलं नाही. ‘नवरा माझा नवसाचा’च्या २०२४मधल्या दुसऱ्या भागाने एसटीच्या जागी कोकण रेल्वे आणली. गाडी बदलली, प्रवास तोच राहिला.

‘झपाटलेला २’बद्दल मात्र मला दुःख जास्त आहे. महेश कोठारे यांचा १९९३चा ‘झपाटलेला’ आमच्या पिढीने व्हिडिओ कॅसेट घासली जाईपर्यंत पाहिला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला भयानक होता, दिलीप प्रभावळकरांचा आवाज भयानक होता. पण चित्रपट तोलून धरला होता लक्ष्मीकांत बेर्डे यांनी. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा लक्ष्या, आणि त्याच्याच हातातली बाहुली त्याच्या जिवावर उठलेली. घाबरलेल्या माणसाचा चेहरा हसवतो आणि त्याच क्षणी त्याची काळजीही वाटते, हे लक्ष्मीकांत बेर्डेंना जमायचं तसं कुणाला जमलं नाही. १६ डिसेंबर २००४ला ते गेले. २०१३मध्ये दुसरा भाग आला तेव्हा त्रिमिती तंत्र होतं, तात्या विंचू होता, लक्ष्याचा मुलगा म्हणून आदिनाथ कोठारे होते. आदिनाथ यांनी मेहनत केली आहे, पण प्रेक्षकाला ज्याला भेटायचं होतं तो माणूस जगात नव्हता. बाहुला जशाच्या तसा परत आणता येतो, नट येत नाही. ते दुःख चित्रपटाने मान्य करून लक्ष्याच्या नसण्याभोवतीच गोष्ट बांधली असती, बापाविना वाढलेल्या मुलाची गोष्ट नीट सांगितली असती, तर तो चित्रपट वेगळाच झाला असता. त्याऐवजी चष्मा घालून अंगावर येणाऱ्या वस्तू पाहायला मिळाल्या.

‘टाइमपास’कडे परत येतो, कारण तिसऱ्या भागाने माझं म्हणणं आपसूक सिद्ध केलं. २९ जुलै २०२२ला आलेला ‘टाइमपास ३’ पुढे गेलाच नाही. तो मागे गेला. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या वर्षांत, दगडूच्या कॉलेजच्या दिवसांत. प्रथमेश परब परतला, सोबत हृता दुर्गुळेची पालवी. पुढे जायला वाटच नव्हती, कारण दुसऱ्या भागाने दगडू-प्राजक्ताला एकत्र आणून दार लावून टाकलं होतं. मग दगडूला आणखी एक प्रेम द्यायचं तर घड्याळ मागे फिरवावं लागतं. दगडू शेवटी कुणाला भेटणार हे आधीच ठाऊक असलेला प्रेक्षक पालवीसाठी कसा झुरणार?

आणि हे रवी जाधव यांच्या हातून व्हावं, याचं वाईट वाटतं. आनंद यादवांच्या कादंबरीवरून ‘नटरंग’ करणारे हेच दिग्दर्शक. १ जानेवारी २०१०ला आलेला तो त्यांचा पहिला चित्रपट. कागलच्या शेतमजूर, पैलवानी अंगाच्या गुणाला तमाशाच्या वेडापायी नाच्या व्हावं लागतं, आणि त्या एका निर्णयाची किंमत तो घर, संसार, इभ्रत सगळ्यांनी मोजतो. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी शरीर कमावलं आणि मग तेच उतरवलं. ज्या दिग्दर्शकाने गुणाचं गमावणं इतक्या मायेने पाहिलं, त्याला दगडूचं गमावणं पुसावंसं का वाटलं? उत्तर व्यवसायात आहे. मराठी चित्रपटाला पडदे कमी मिळतात, पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही तर खेळ काढले जातात. अशा वेळी ओळखीचं नाव हे निर्मात्याचं मोठं भांडवल असतं, आणि त्या भांडवलाला ‘यांचं शेवटी जमू दे’ असं म्हणणाऱ्या प्रेक्षकांचा आधार मिळतो. निर्मात्याची अडचण मला समजते. प्रेक्षकाची इच्छाही समजते, ती प्रेमातूनच येते. पण ती इच्छा अपुरी ठेवण्यातच त्या गोष्टीची ताकद होती.

आता आणखी एका पुढच्या भागाची वाट पाहिली जाते आहे. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा ‘तुंबाड’ २०२४मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा मोठी गर्दी झाली; त्याच सुमारास ‘तुंबाड २’ची घोषणा झाली. नाव पेंडशांच्या गावाचं, प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथेची, आणि विषय हाव. हावेवरच्या चित्रपटाला दुसरा भाग लागावा याची मला धास्ती वाटते. त्यातल्या नायकाच्या, विनायकच्या, मुलाने जे नाकारलं ते पुन्हा त्याच्या हातात ठेवलं, तर पहिल्या चित्रपटाचा शेवटच खोटा पडेल. नव्या पिढीची, नव्या काळातली वेगळी हाव शोधली, तर मात्र मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला असेन.

ओळखीची माणसं पुन्हा पुन्हा भेटावीत ही प्रेक्षकाची भूक खरी असेल, तर मराठी निर्मात्यांना माझी एक विनंती आहे. चांगदेव पाटील चार कादंबऱ्यांत वयाने वाढत गेलेला आहे, तुंबाडच्या खोतांच्या पिढ्या दोन खंडांत तयार आहेत. आता मालिकांना आठ-दहा तासांचा अवकाश मिळतो आहे, तिथे हे काम करा. आणि ज्यांनी ‘टाइमपास’ अजून पाहिला नसेल त्यांनी तो जरूर पाहावा. पहिला पाहून झाला की दुसरा लावू नये, ‘शाळा’ वाचायला घ्यावी.